प्रश्न खालच्या तारेचा

पत्र : अठरा वर्षं बेस गिटार वाजवतोय. नोकरी वेगळी, पण महिन्यातून तीन-चार कार्यक्रम होतात. बँड सात जणांचा आहे : ड्रम्स, कीबोर्ड, गिटार, गायिका, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि मी. गाणी बहुतेक सोल आणि फंक. आजवर चार तारांचा एकच फेंडर प्रिसिजन बेस वापरला. आता एकदाच काय तो खर्च करायचा म्हणून पाच तारांचा भारीतला बेस घ्यायचं ठरवलं आणि दोनांवर येऊन अडकलोय. एक सॅडोस्की : जॅझ बेसच्या घाटाचा, बोल्ट-ऑन (स्क्रूने जोडलेली) नेक, ३४ इंच स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी. दुसरा डिंगवॉल : तिरक्या फ्रेटांचा (नेकवरच्या धातूच्या पट्ट्यांचा), खालची तार ३७ इंच, वरची ३४. दोन्ही तासतासभर वाजवले. डिंगवॉलची बी तार ऐकून अंगावर काटा आला. सॅडोस्कीवर तसं काही झालंच नाही, हात आपोआप चालत राहिले. माझे हात लहान आहेत आणि डावा खांदा अधूनमधून दुखतो. सॅडोस्कीला मेपलचा सुंदर नक्षीचा टॉप आहे, त्याने आवाजात फरक पडतो का? आणि जुना प्रिसिजन विकून टाकू का? – खर्जात अडकलेला

नमस्कार,

तुम्ही जे तक्रारीच्या सुरात लिहिलंय, तेच मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं : ‘हात आपोआप चालत राहिले.’ नव्या वाद्यावर, तेही चारवरून पाच तारांवर जाताना, पहिल्याच तासात हात आपोआप चालणं ही साधी गोष्ट नाही. माझं मत विचाराल तर सॅडोस्की घ्या. पण डिंगवॉलवर अंगावर आलेला काटा खोटा नव्हता. तो का आला हे आधी समजून घ्या, नाहीतर सॅडोस्की घेऊन दोन वर्षांनी पुन्हा पत्र लिहाल.

लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला तेव्हा स्केल ३४ इंच ठेवली. १९६० च्या जॅझ बेसलाही तीच. ती ठरली चार तारांसाठी, म्हणजे सर्वांत खाली ई, सुमारे ४१ हर्ट्झ. पाचवी तार नंतर आली. तिचा बी सुमारे ३१ हर्ट्झवर बोलतो, आणि तो त्याच लांबीत बसवायचा तर तार जाड करावी लागते किंवा ढिली ठेवावी लागते. जाड तार थोडी सळईसारखी वागते. तिचे वरचे उपस्वर (मूळ सुरासोबत उठणारे वरचे सूर) गणिताप्रमाणे जिथे पडायला हवेत तिथून जरा चढे पडतात, आणि कानाला सूर ‘गढूळ’ वाटतो. लांबी वाढवली की हा दोष कमी होतो. शिवाय तीच तार, तोच सूर, फक्त स्केल ३४ ऐवजी ३७ इंच केली, तर ताण साधारण १८ टक्के वाढतो. मोठ्या पियानोच्या खालच्या तारा लांबलचक असतात त्या याच कारणाने. वरच्या तारांना मात्र एवढी लांबी नको असते. म्हणून फ्रेट पंख्यासारखे पसरवायचे. ही युक्ती सोळाव्या शतकातल्या ओर्फॅरियन नावाच्या तंतुवाद्यातही दिसते. आधुनिक गिटारवर ती राल्फ नोव्हाक यांनी आणली, १९८९ साली पेटंटही घेतलं, आणि बेसवर ती रुजवण्यात कॅनडातल्या डिंगवॉलचा वाटा मोठा आहे.

म्हणजे तुम्ही ऐकलंत ते खरंच होतं. मोकळी बी तार ही डिंगवॉलची सगळ्यात जमेची बाजू, आणि तुम्ही नेमकी तीच छेडलीत. सगळेच छेडतात. पाच तारांचा बेस हातात आला की पहिला अंगठा तिथेच जातो.

आता तुमच्या बँडकडे बघू. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सोबत आहेत, म्हणजे गाणी बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ असल्या पट्ट्यांत असणार. फुंकवाद्यांना त्या सोयीच्या पडतात. चार तारांवर ई फ्लॅटचं गाणं आलं की तुम्ही मुकाट्याने ए तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एक सप्तक वर जात असणार. पाचवी तार तुम्हाला हवी आहे ती बहुतेक या एका कारणासाठी. तो खालचा ई फ्लॅट मिळतो बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर, डी तिसऱ्यावर, सी पहिल्यावर. मोकळा बी तुमच्या गाण्यांत किती वेळा लागेल? पुढच्या कार्यक्रमाची यादी घ्या आणि मूळ ईच्या खाली कुठले सूर लागतील ते गाण्यागणिक लिहून काढा. माझा अंदाज, ई फ्लॅट आणि डी भरपूर, सी कधीतरी, मोकळा बी जवळजवळ नाही. म्हणजे या बेसची परीक्षा मोकळ्या तारेवर घ्यायचीच नाही, ती पहिल्या चार फ्रेटांत घ्यायची.

नेमक्या त्याच जागी लहान हातांचा प्रश्न येतो. ३४ इंच स्केलवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंतचं अंतर साधारण १३० मिलिमीटर असतं. ३७ इंचांवर तेच १४१ च्या आसपास जातं. अकरा मिलिमीटर कागदावर किरकोळ दिसतात. दोन तासांच्या कार्यक्रमात, सोळाव्या मात्रांच्या फंकमध्ये, ते करंगळीला समजतात. शिवाय तिरक्या फ्रेटांमुळे खालच्या तारेचा नटजवळचा, म्हणजे नेकच्या टोकाकडचा भाग आणखी बाहेर, हेडस्टॉकच्या दिशेने गेलेला असतो. म्हणजे डावा हात जास्त लांबवायचा, आणि तुमचा दुखरा खांदाही डावाच. तिरक्या फ्रेटांची सवय मात्र लवकर होते, त्याची धास्ती बाळगू नका. बहुतेकांना मधल्या भागात फ्रेट तिरके आहेत हे थोड्या वेळाने जाणवतही नाही. माझा आक्षेप लांबीला आहे, तिरकेपणाला नाही.

आणखी एक बाब, जिच्याकडे वाद्य निवडताना फारसं कुणाचं लक्ष जात नाही : खोली. ३१ हर्ट्झच्या सुराची लाट हवेत सुमारे अकरा मीटर लांब असते. लहान खोलीत ती कुठे फुगते, कुठे नाहीशी होते. दोन पावलं मागे सरकलात तर बी तार वेगळीच ऐकू येईल. त्यात आपला कान हळू आवाजात खर्ज कमीच ऐकतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली, ती आजही प्रत्येक ध्वनितंत्रज्ञाला शिकवतात. म्हणून दोन बेसची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी नसेल, तर जो किंचित मोठा तो ‘भरदार’ ठरतो. अ‍ॅक्टिव्ह प्रीअँपच्या (बॅटरीवर आवाज वाढवणाऱ्या सर्किटच्या) वाद्यांत तर हे हमखास होतं. तुम्ही दोन्ही बेस एकाच अँपवर, एकाच जागी उभे राहून, पातळी जुळवून वाजवलेत का, हे पत्रात नाही. तारांचंही तसंच. एकावर कोऱ्या करकरीत स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या) आणि दुसऱ्यावर सहा महिने लोकांनी हात मारलेल्या निकेलच्या, तर तुम्ही बेसची नाही, तारांची तुलना करताय.

सॅडोस्कीबद्दल थोडं. रॉजर सॅडोस्की यांनी १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये काम सुरू केलं ते मुख्यतः दुरुस्तीचं. स्टुडिओत रोज वाजवणाऱ्या मंडळींचे जॅझ बेस सुधारून द्यायचे. बेसवादक मार्कस मिलरचा १९७७ चा जॅझ बेस त्यांच्याच हातून गेला. पुढे ते स्वतःचे बेस करू लागले तेव्हा त्यांनी नवा घाट काढायच्या फंदात न पडता लोकांच्या हाताला ओळखीचा असलेलाच घाट ठेवला, वजन कमी केलं, खरखर कमी केली, फ्रेटांचं काम नीट केलं. सॅडोस्की वाजवताना ‘वेगळं काही वाटलं नाही’, तर ते तसंच ठरवून केलेलं आहे. त्यांचा प्रीअँपही याच स्वभावाचा : बेस (खर्ज) आणि ट्रेबल (वरचे सूर) फक्त वाढवता येतात, कमी करता येत नाहीत. दोन्ही नॉब शून्यावर ठेवा, मूळ आवाज मिळेल. बॅटरी मधेच गेली तर पॅसिव्हवर टाकून गाणं पूर्ण करता येतं. रंगमंचावर अंधारात नॉब फिरवणाऱ्याला याची किंमत कळते.

पण तुम्ही प्रिसिजनवर वाढलेले आहात, म्हणून एक इशारा. प्रिसिजनला एकच पिकअप (तारेची हालचाल टिपणारं चुंबक), मधोमध, आणि त्याचा मधल्या पट्टीतला ठणठणीतपणा तुमच्या कानात मुरलेला आहे. जॅझ बेसचे दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की ते एकाच तारेची हालचाल दोन ठिकाणांहून टिपतात, काही उपस्वर एकमेकांना खातात आणि मधला भाग जरा पोकळ होतो. एकट्याने वाजवताना तो पोकळपणा गोड लागतो, स्लॅपला (अंगठ्याने तार ठोकून वाजवण्याला) तर फारच. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि कीबोर्ड एकदम सुरू झाले की मात्र वाटतं, बेस गेला कुठे? उपाय सोपा आहे : ब्रिजजवळचा (तारा बॉडीवर जिथे टेकतात तिथला) पिकअप थोडा कमी करायचा. साध्या सिंगल कॉइल जोडीत असं केलं की गुणगुण परत येते, कारण दोन्ही पिकअप समान पातळीवर असतानाच ते एकमेकांची गुणगुण मारतात. तेव्हा तुमच्या सॅडोस्कीतले पिकअप हम-कॅन्सलिंग (स्वतःच गुणगुण मारणारे) आहेत का ते विचारून घ्या. नुसतं विचारू नका, एक पिकअप बंद करून आणि वीजदिव्याजवळ उभं राहून ऐका.

आता ती एक परीक्षा, जी माझं मत बदलू शकते. शक्य असेल तर दोन्ही बेस सरावाला आणा. उसने मिळत नसतील तर निदान तुमच्या बँडच्या सरावाचं रेकॉर्डिंग बेस वगळून सोबत न्या आणि त्यावर वाजवा. दोन-तीन गाणी निवडा, त्यात एक ई फ्लॅटचं हवंच. थेट डीआयमधून (अँपऐवजी बेस सरळ रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डब्यातून) रेकॉर्ड करा, नॉब सगळे मधल्या किंवा शून्य जागी. पातळी जुळवा. मग कुणाला तरी फायलींना नावाऐवजी आकडे द्यायला सांगा आणि आठवडाभराने ऐका, आधी नाही, कारण त्याच दिवशी बोटांना आठवत असतं कुठला बेस कुठला. ऐकताना बेसकडे लक्ष देऊ नका. ड्रम्सचा किक आणि बेस एकत्र चालतात का, गायिकेचा आवाज मोकळा राहतो का, ई फ्लॅट उतरला की गाणं खाली बसतं का, एवढंच बघा. ३१ ते ३९ हर्ट्झचा मूळ सूर रंगमंचावरच्या पुष्कळ कॅबिनेटांतून पुरेसा बाहेर पडतच नाही, श्रोत्यांना ऐकू येतो तो मुख्यतः त्याचा दुप्पट उपस्वर आणि त्याच्या वरचे. हे उपस्वर स्वच्छ असणं महत्त्वाचं, आणि तिथे डिंगवॉल जिंकू शकतो हे मान्य करायलाच हवं. आठवड्यानंतर न बघता तुम्ही डिंगवॉलचीच फाईल पुन्हा पुन्हा निवडलीत, आणि दोन तास वाजवून करंगळी-खांदा शाबूत असेल, तर माझं ऐकू नका, डिंगवॉल घ्या.

बँड बदलायचा विचार असेल तरीही हिशेब उलटा होतो. बी खाली उतरवून ए करणारी, म्हणजे २७.५ हर्ट्झपर्यंत जाणारी जड गाणी वाजवायची असतील तर ३४ इंच स्केल हातपाय गाळते आणि लांब तारेला पर्याय उरत नाही. तुमच्या पत्रात तसलं काही दिसत नाही. डिंगवॉल घेतलात तर तारांची तजवीज आधी करा : ३७ इंचांच्या खालच्या तारेला नेहमीच्या ३४ इंची संचातली तार पुरत नाही, खास लांब संच लागतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी तो शेजारच्या दुकानात मिळेल या भरवशावर राहता येत नाही. एक संच कायम केसमध्ये ठेवायचा.

नक्षीच्या टॉपबद्दल. सुंदर आहे, घ्या, पण आवाजासाठी नको. चुंबकी पिकअप तारेची हालचाल टिपतो, लाकडाची नक्षी नाही. लाकडाचा परिणाम अजिबातच नाही असं मी म्हणत नाही. तार किती वेळ आस टिकवते त्यात नेक आणि बॉडीचा वाटा असतो. पण पिकअपची जागा, तारा, आणि तुमचा उजवा हात पिकअपपासून किती अंतरावर छेडतो, यांच्यापुढे काही मिलिमीटरचा सजावटीचा थर कुठेच नाही. हात ब्रिजकडे चार बोटं सरकवा आणि ऐका, मग नक्षीचा विचार करा. टॉपचा एक खरा परिणाम असतो, तो वजनावर. तुमच्या खांद्यासाठी लाकडाच्या जातीपेक्षा काट्यावरचा आकडा जास्त बोलेल. दोन्ही बेस वजन करून घ्या. चार किलो आणि पाच किलो यांत दुसऱ्या तासाला फार मोठा फरक पडतो. पट्टा लावून उभे राहा, दोन्ही हात सोडा. हेडस्टॉक खाली झुकत असेल तर डावा हात सगळा वेळ नेक तोलत बसणार, आणि मग हलका बेससुद्धा खांद्याला जड होतो. पट्टा रुंद घ्या, हे वेगळं सांगायला नको.

फ्रेटबोर्ड तुम्ही विचारलेला नाही, तरी दोन वाक्यं. मेपल की रोझवुड यात झोप घालवू नका. फक्त कुणी ब्राझिलियन रोझवुडचं आमिष दाखवलं तर सावध राहा : ती जात १९९२ पासून साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, आणि असं वाद्य देशाबाहेर न्यायचं तर कागदपत्रांचा ससेमिरा मागे लागतो. इतर रोझवुडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीपासून सवलत मिळालेली आहे.

पैसे देण्यापूर्वी, बेस कुठलाही असो, जी तारेवर चौथ्यापासून आठव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर छेडून तो किती वेळ टिकतो ते ऐका. बोल्ट-ऑन नेकच्या बेसवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझण्याची शक्यता असते. नेकची स्वतःची कंपनं त्या सुराशी जुळतात आणि तारेची ऊर्जा शोषून घेतात. भारीतला बेस म्हणून हे टळतंच असं नाही. थोडं असेल तर चालवून घ्या, सूर ठोक्यासारखा मेला तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागा. म्हणूनच स्वतःच्या आवडीनिवडी भरून बेस बनवून घेण्यापेक्षा तयार, हातात घेऊन पाहिलेला नग घेणं मला पसंत. बनवून घेतलेल्या बेसला मालकाच्या स्वप्नाचा आकार असतो आणि पुढे विकायची वेळ आली तर दुसऱ्याला तो बसत नाही. ट्रस रॉड फिरतो का, प्रत्येक फ्रेटवर सूर स्वच्छ निघतो का, फ्रेटांची टोकं हाताला लागतात का, हे नेहमीचं आहे, तुम्हाला अठरा वर्षांनी ते शिकवत बसत नाही. ब्रिजजवळचं तारांमधलं अंतर मात्र मोजा. प्रिसिजनवर ते १९ मिलिमीटर असतं आणि तुमचा उजवा हात त्यावर बसलेला आहे. पाच तारांच्या काही बेसवर ते १६.५ पर्यंत उतरतं. ज्या बेसवर ते १९ च्या जवळ, तिथे तुमची स्लॅप पहिल्या दिवसापासून चालेल.

राहिला प्रिसिजन. विकू नका. बेसवादक जेम्स जेमरसनने मोटाउन या सोल संगीताच्या कंपनीच्या रेकॉर्डिंगांतलं बहुतेक काम १९६२ च्या एका प्रिसिजनवर, फ्लॅटवाउंड (चपटी पट्टी गुंडाळलेल्या) तारांवर केलं, आणि त्या तारा तो तुटल्याशिवाय बदलत नसे. तुम्ही सोल वाजवता. तो आवाज ना डिंगवॉल देईल, ना सॅडोस्की, कितीही नॉब फिरवा. त्यावर फ्लॅटवाउंड चढवा, नीट सेटअप करून घ्या, आणि ज्या गाण्यांना पाचवी तार लागत नाही ती त्यावर वाजवा. खांद्यालाही वाद्य बदललं की बरं वाटतं. कार्यक्रमाला दोन्ही नेणार असाल तर नव्या बेसचा आउटपुट प्रीअँपमुळे जास्त असणार, तेव्हा साउंडचेकला दोन्ही जोडून दाखवा आणि साउंडवाल्याला दोघांसाठी वेगळी चॅनेल मागा.